सातव्या रकान्यातले बारा हजार

२ मार्च, सकाळी ७
उठल्याबरोबर सगळ्यांची विचारपूस केली. चिरंजीव: डिलिव्हरी व्हॅनमध्ये पेट्या चढवून पाठ धरली आहे. सूनबाई: लॉन्ड्रीतल्या सोड्याने हात सोललेत. नात चिमणी, वय दोन: सर्दी, पण आवाज खणखणीत. मी: ठणठणीत. घराला कुणाचा तरी आधार हवाच.
संकल्प: पाळणाघराच्या अनुदानाचा फॉर्म मीच भरणार. कमी पगाराच्या नोकरदार घरांना सरकार अर्धी फी देतं. पूर्ण फी भरण्यात सूनबाईचा अर्ध्याहून जास्त पगार जातो.

५ मार्च
भरला. अक्षर मोत्यासारखं. रकाना सात, ‘घरातील ज्येष्ठांचे उत्पन्न’. सूनबाई म्हणाली होती, शून्य लिहा बाबा. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस स्वतःच्या नावापुढे शून्य लिहील? शेजाऱ्यांची घड्याळं अजूनही करतो. पैसे घेत नाही, हा माझा मोठेपणा. घेतले असते तर महिना बारा हजार कुठे गेले नव्हते. तेच लिहिले. ऑफिसातही वजन पडेल.

१९ मार्च
अर्ज नामंजूर. उत्पन्न मर्यादेबाहेर. म्हणजे सरकारदरबारी आपण खात्यापित्या घरचे! जेवताना बोलून दाखवलं. कुणी हसलं नाही. हल्लीच्या पिढीला विनोद कळत नाही.

२३ मार्च
सूनबाईबरोबर ऑफिसात. तिची बिनपगारी रजा. कारकूनबाई भल्या. फाईल उघडून आवाज खाली आणून म्हणाल्या, “आजोबा, खरंच कमावता का? नसाल तर आत्ता सांगा, मी खोडते.”
रांगेत मागे माझं जुनं गिऱ्हाईक उभं. सूनबाईने माझी बाही धरली.
“कमावतो म्हणजे काय,” मी म्हणालो, आणि पुन्हा सही ठोकली. माणसाने शब्दाला जागावं.
परतताना ती चार पावलं पुढेच चालली. ऊन फार होतं.

२ एप्रिल
पाळणाघराचा निरोप: महिनाअखेरपर्यंत फी भरा, नाहीतर चिमणीची जागा दुसऱ्याला. मी सांभाळतो म्हणालो. दोघं ‘नको’ म्हणाले. मागे एकदा माझ्या देखरेखीत तिने घड्याळाचा स्क्रू गिळला, ते अजून धरून बसलेत. स्क्रू तर निघाला.

६ एप्रिल
चिरंजीवांनी नवा अर्ज केला. मला न विचारता. त्यात लिहिलंय, ‘वडील आमच्यात राहत नाहीत.’ तपासनीस घरी येऊन बघतो, म्हणून तो येऊन जाईपर्यंत मला एका गोदामामागे खोली पाहिली आहे. भाडं मीच द्यायचं.
चिरंजीव खाली बघत म्हणाले, “बारा हजारांत भागेल ना, बाबा?”
मी म्हणालो, उरतील.

२१ एप्रिल
खोली हवेशीर. खिडकीला काच नाही. अनुदान मंजूर झाल्याचं कारकूनबाईंकडून कळलं. शेवटी मार्ग माझ्या फॉर्ममुळेच निघाला. भाडं थकायच्या आत मालकाचं घड्याळ बंद पडायला हवं. रोज ऐकतो, नीट चालतंय.
तपासनीस दहा दिवसांपूर्वीच येऊन गेला म्हणे. घरच्यांचं कळवायचं राहिलं असेल, कामं असतात. पत्र टाकलं: पाठ कशी आहे? हात कसे आहेत? चिमणीची सर्दी गेली का? मी ठणठणीत. न्यायला कधी येता, तेवढं लवकर लिहा.