अम्माच्या अंगातली देवी

तंजावूर,
११ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
भरद्वाजाचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. फौजेनं हिंदीपायी मला देवनागरी शिकवली, ती आज कामी येतेय; घरात बोलतो मराठी, पण लिहिणं-वाचणं तमिळमध्ये, दुसऱ्या कोणाला ही अक्षरं वाचता येत नाहीत. तू पुण्याला जाऊन सांबाराला आमटी म्हणू लागलीस, पण मराठी वाचायला तरी शिकलीस.

सोबत एक प्रतिज्ञापत्र आहे. माझ्या अपंगत्व पेन्शनचं पहिलं अपील फेटाळलं, हे तुला ठाऊकच आहे. आता अठ्ठावीस तारखेला चेन्नईच्या न्यायाधिकरणात सुनावणी आहे. लडाखला ट्रक उलटून डोक्याला मार लागला आणि सहा महिन्यांनी फिट्स सुरू झाल्या, याची नोंद आहे. तरी मेडिकल बोर्डानं लिहिलं, आजार आईकडून आलेला, नोकरीशी संबंध नाही.

ते मीच ओढवून घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोणी असं थरथरून पडतं का? मी छाती फुगवून सांगितलं, हो, आमच्या अम्माच्या अंगात मारिअम्मा यायची! त्यांनी मान हलवली नि लिहून घेतलं. मला वाटलं, देवीचं नाव लिहिलं.

वकील राममूर्ती म्हणतात, अम्माला कसलाही आजार नव्हता असं थोरल्या बहिणीनं लिहून द्यावं. शिवाय सुनावणीपर्यंत घरातल्या कोणाचेही नवे मेडिकल कागद नकोत, असं बजावलंय.

हे दुसरं माझ्या घशात अडकलंय.

आपली हरिता आता अठराची. गेल्या महिन्यात जेवताना बोलता बोलता थांबली. डोळे उघडे, हातातला घास तसाच. मी हाका मारल्या, तिला ऐकूच गेल्या नाहीत. मग "काय म्हणत होते मी?" असं विचारून पुन्हा जेवू लागली. परवा परत तेच. भुवना म्हणते, "पित्तम् हो ते. परीक्षा नव्हे का, नीट झोपते कुठं?" मीही बायकोच्या होला हो केलं. आणि तीच मुलगी रोज मोपेडवरून कालव्याच्या कडेनं कॉलेजला जाते. ती परतेपर्यंत मी दारातून हलत नाही. मला भीती वाटते, अक्का. लडाखलाही इतकी वाटली नव्हती.

तेवीस दिवस मी तिला डॉक्टरांकडे नेलं नाही. अपिलासाठी. लिहितानाही लाज वाटते.

देवळात देवी यायची, हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. पण अम्मा स्वयंपाकघरातही पडायची ना? तू मला अंगणात घालवायचीस नि दार लावून घ्यायचीस. आतून भांडी कोसळल्याचा आवाज यायचा. तू कधी सांगितलं नाहीस, मी कधी विचारलं नाही.

हे पत्र तुझी सही मागायला घेतलं होतं. सही करू नकोस. मधेच उठून मी डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली आहे. तोवर हरिता बसनं जाईल, मी सोबत. अपील जायचं तर जाऊ दे.

सोमवारच्या आत मला फोन करून एवढंच कळव, अम्माला काय होत होतं. आणि कितव्या वर्षी सुरू झालं, तेही.

तुझा धाकटा भाऊ, आणि हरिताचा बाप,
भरद्वाज