कपाशीभोवतीचा झेंडू

प्रिय माणिक,

तुले अहोजाहो करणार होती, पण माझ्या पोरीनं तुले आई म्हटलं, मग आपण बहिणीच झालो. तू फोन उचलत नाही म्हणून लिहून राहिली. शाळा सुटल्यावर एवढं कधी लिहिलं नाही, अक्षराले हसू नको.

प्रतीक्षा शेतकी कॉलेजची कृषिकन्या म्हणून शेतीचं शिकायले-शिकवायले तुमच्या गावी राहायले निघाली, तेव्हा मी लई घाबरली होती. बाळापूरच्या पलीकडचं अनोळखी गाव, परकं घर. वलगावच्या आमच्या मळ्यात पोरगी फुलं तोडायची, पण चुलीजवळ उभी राहायची नाही. अन् महिनाभरात फोनवर सुरू झालं, आई अशी भाकर थापते, आई तशी भाजी करते. कोणती आई, म्हटलं, तर म्हणे इथली. खोटं कावून बोलू, मले तुझा राग आला होता.

तुमच्या कपाशीभोवती लावायले झेंडूची रोपं तिनं माझ्याच वाफ्यातून नेली. अळीचं पाखरू झेंडूवर अंडी घालते अन् कपाशी वाचते, हे तिनं सगळ्यांले बांधावर उभं करून समजावलं. तुझ्या खुशालरावांनी मान डोलवली म्हणे. अन् दसऱ्याच्या सकाळी तुमी सारा झेंडू तोडून दाराले अन् ट्रॅक्टरले तोरणं बांधली! दुसऱ्या दिवशी कॉलेजचे सर पाहणीले येणार होते. पोरगी फोनवर रडत होती अन् मधातच हसत होती. म्हणे, यांनी माझं प्रात्यक्षिक दाराले टांगलं. मग तू तिच्या तोंडात पुरणपोळी कोंबली, तेही सांगितलं तिनं.

दिवाळीले घरी आली तर अंगणात लक्ष्मीची पावलं काढायची सोडून रांगोळीनं तुमचं गाव काढत बसली. तिथं गावकऱ्यांसमोर काढला होता तसाच नकाशा. मारुतीचं देऊळ, हातपंप, शाळा. तुझ्या घरावर तिनं कुंकवाचं बोट टेकवलं अन् मले म्हणे, इथं तुले नेईन एकदा.

ते राहूनच गेलं. कार्तिकात तापाचं निमित्त झालं अन् पोर हातची गेली. तू आली तेव्हा उंबऱ्याशीच बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही. बायका विचारत होत्या, तुमी पोरीच्या कोण? तू खाली पाहत राहिली. माझंही तोंड उघडलं नाही. आता कोणी विचारलं तर सरळ सांगत जा, मी तिची आई.

काल खुशालरावांचा फोन आला. कॉलेजवाल्यांनी यंदा पोरगी ठेवता का विचारलं, तर तू नाही म्हटलं अन् तिच्या खोलीले कुलूप घातलं. माणिक, ते कुलूप काढ. कोण्यातरी घरी एक पोरगी बॅग भरून राहिली असंल, अन् तिची माय माझ्यासारखीच घाबरली असंल. तिच्या पोरीले तुझ्याच हातची भाकर मिळू दे. आमच्या यांच्याबरोबर झेंडूची रोपं पाठवते, वाफा मीच टाकला होता. नवीन पोरीच्या हातानं कपाशीभोवती लाव. अन् दसऱ्याले तोडावा वाटला तर खुशाल तोडा. ती रागावंल, रडंल. रागावू दे. मग मले फोन लाव अन् तिचा आवाज ऐकव.

तुझीच बहीण,
सुभद्रा