अंबरीनच्या वर पायलचं नाव

७ डिसेंबर, रविवार
पायलच्या जुन्या वहीत कोरी पानं निघाली. चौथीपर्यंतच शाळा झाली माझी, पण लिहिता येतं. पायल माझी नात, दहावीत, लॅक्रोस खेळती. आंबे उतरायला बांबूला जाळी बांधतो ना, तसल्या काठीनं बॉल झेलायचा अन् गोलात मारायचा. आता जिल्ह्यातल्या बारा बेस्ट पोरी निवडणार हायेत. समोरच्या गौहरबीची नात अंबरीनबी खेळती, दुसऱ्या शाळेकडून. गौहरकडं फ्रिज आधी आला, पणतूबी आधी झाला. मी कधी जळले न्हाई. फक्त या बारी पायलचं नाव वर पाह्यजे.

८ डिसेंबर
कोण निवडतं, पायलला विचारलं. म्हणली, चार शाळांचे कोच बसून मतं देतेत. पुढं काहीतरी सांगून राह्यली होती, तेवढ्यात दूध उतू गेलं. न सांगता कळलं मला. माहेरी केदारखेड्याला ग्रामपंचायतीच्या सात निवडणुका पाह्यल्या मी. ज्याचं मत पाह्यजे त्याला जेवू घालायचं. पायलचे कोच भुजंग सर, एकटेच राहतेत.

१४ डिसेंबर, रविवार
सरांनी ठेच्यासंगं पाच धपाटे खाल्ले. पायल कशी खेळती, विचारलं. चांगली म्हणले अन् सहावा घेतला. म्हणजे मत पक्कं.

१७ डिसेंबर
मॅच. पायलचे दोन गोल! अंबरीनचा एकच. ती नुसती दुसऱ्यांना बॉल देत फिरली, लग्नात वाढप्यावानी. उपाशीच राहतेत असली माणसं.
तिच्या कोच शिवकन्या मॅडमला मी चष्म्याचा नंबर विचारला. दुसऱ्या दोन शाळांचे कोच बघाया आल्ते, त्यांना म्हणलं, घरी जाऊन झोपा. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.
गौहर येडीच. डबाभर बोरं आणली अन् परक्या कोचांना वाटत बसली. पायलनंबी खाल्ली. घरी आल्यावर बोलले तिला.

२१ डिसेंबर, रविवार
सरांनी आठ खाल्ले. जवसाची चटणी संपली.
पायलच्या फोटोसाठी भिंतीवर जागा केली. आमच्या ह्यांचा फोटो जरा सरकवला. गेल्यापासून ते कशालाच न्हाई म्हणत न्हाईत.

२४ डिसेंबर
गौहर म्हणली, बेबीनंदा, कोणतीबी येऊ दे, दोन्ही आपल्याच. हरायला लागलं की माणूस असंच गोड बोलतं.

२७ डिसेंबर, सकाळी ११
आज मतं. पेढे सांगितले. गौहरला दोन द्यायचे, जास्त न्हाई.

तोच दिवस, सायंकाळी ५
लिस्ट आली. अंबरीन एक नंबरला. वरून वाचली, खालून वाचली, पायल न्हाईच.
भुजंग सर आल्ते. खाली मान घालून म्हणले, "आजी, आपल्या शाळेच्या पोरीला आपलं मत देताच येत न्हाई. बाकीच्या तिघांनी द्यायचं असतं."
बाकीचे तिघं म्हणजे एक चष्म्याची अन् दोन झोपायचे.
मंग तुमचं मत कुठं गेलं, विचारलं. पाणी प्याले, मंग बोलले. "अंबरीनला. लई पास देती पोरगी."
पायल म्हणली, "दूध उतू गेलं त्या दिवशी हेच सांगत होते, आजी." रडली न्हाई. पेढ्याचा पुडा उचलला अन् अंबरीनकडं गेली. अख्खा.

२८ डिसेंबर, रविवार
गौहरनं शेवयाची खीर धाडली. चव पाहावी म्हणून खाल्ली. वेलदोडा जास्त झाल्ता. वाटी चाटून पाह्यली तरी जास्तच.
ह्यांचा फोटो जागेवर सरकवला.
मी जळून राह्यले असं पायल म्हणती. बिलकुल न्हाई. पुढच्या साली त्या तिघांनाबी जेवायला सांगणार हाये.
भुजंग सर रविवार म्हणून आले. चार धपाटे वाढले. पाचवा मागितला, तर म्हणलं, गौहरकडं जा.
गेले.