उपाशी जाऊ नको

नेर,
सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. अर्पितास,
अनेक आशीर्वाद. सवयीनं हात 'सौ.' लिहून गेला. आता खोडत नाही, राहू दे.

इकडं ठीक आहे. पऱ्हाटीले पात्या लागल्या, यंदा कापूस बरा होईन. तुझ्या सासऱ्यांचं गुडघ्याचं रडगाणं सुरूच आहे. तुझी तब्येत विचारत नाही, तुझ्या आईनं फोनवर सारं सांगितलं. पाणी पडलं की तू माहेरी दार लावून बसते म्हणे. नयन वाहून गेला तो पूल वाटेत लागतो, म्हणून नेरची बसही धरत नाही. पोरी, तुझा नवरा गेला तसा माझा पोरगाही गेला, मले कळते. मी जायची त्याच यवतमाळच्या समुपदेशक तमन्ना मॅडमकडं तू नाव लावलं, लय चांगलं केलं.

जायच्या आधी काय माहीत पाहिजे, असं तू विचारलं. फोनवर बोलता आलं नाही, हे बाजूलेच बसले होते. सासूचा सल्ला सुनेले गोड लागत नाही म्हणतात, पण पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.

पहिले म्हणजे जेवून जा. हासू नको! मी पहिल्या खेपेले उपाशीपोटी गेलती. मले वाटलं, तपासणी आहे, रक्त घेतीन, साखर पाहतीन. चहासुद्धा घेतला नाही. वरून तुझ्या सासऱ्यायच्या गुडघ्याच्या एक्सरेसकट साऱ्या फायली थैलीत भरल्या. मॅडमनं विचारलं, "काकू, कसं वाटते?" मी म्हटलं, "भोवळ येऊन राह्यली." बिचारीनं आपल्या डब्यातली पोळी मले चारली. अर्धा वेळ त्यातच गेला.

ती गोळ्या देत नाही. गोळ्यावाले डॉक्टर वेगळे, गरज पडली तर तीच पाठवते. ती आपल्याले बोलाले लावते. फी किती, वेळ किती, हे फोनवरच विचारून घे. त्यात लाजायचं काय, भाजी घेतानी विचारतोच ना आपण? कुठं शिकली तेही विचार. मी विचारलं तर रागावली नाही, भिंतीवरचं सर्टिफिकेट दाखवलं. अन् नाहीच पटली तर दुसरी पाहाची. तिच्यासंगं लग्न थोडीच लागलं!

तिथलं बोलणं तिथंच राह्यते. जिवाचं बरंवाईट कराचं मनात आलं तरच ती घरच्यायले कळवन, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. हे तिकडं बस स्टँडवर बसायचे. परत येतानी विचारायचे, "काय म्हणे मॅडम?" मी म्हणायची, "चांगलं म्हणे." बस, एवढंच. अन् एका दिवसात सारं ओकायची गरज नाही. सुरुवातीले तर बरं वाटायच्या ऐवजी जास्तच वाईट वाटते, तवा घाबरू नको.

बाप्पा, किती शहाणपण सांगून राह्यली मी! खरं ते अजून सांगितलंच नाही.

तू फोनवर म्हटलं, "आई, तुम्ही बऱ्या झाल्या, तशी मीही होईन." मी बरी झाली नाही, अर्पिता. मी जाणं सोडलं.

दिवेलागणीले नयनची गाडी येते. गल्लीच्या वळणावर गिअर कमी केल्याचा आवाज, मग गाडी बंद, मग स्टँड लावल्याचा आवाज. मी उठून गेट उघडते. बाहेर कोणी नसते. जरा वेळ उघडं ठेवते अन् लावून घेते. ती गाडी तर भंगारवाल्यानं तुझ्यासमोरच नेली. तरी येते.

मॅडमले हे सांगितलं होतं. "खोटं आहे" असं ती एकदाही म्हणाली नाही. "गाडी आली की कसं वाटते?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "माझं लेकरू घरी आलं असं वाटते," अन् लय रडली.

मग एका सांजले मी भाकरी थापून राह्यली होती, टीव्ही सुरू होता. भाकरी झाल्या, हे जेवले, अन् ध्यानात आलं की गाडी आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लोक म्हणाले असते, बाई सुधरली. मले वाटलं, माझा पोरगा आज मेला. मॅडमले फोन केला, "आता मले बरं आहे, येत नाही." थोड्याच दिवसांत गाडी परत येऊ लागली. शेजारच्या जयाबाई म्हणतात, पित्तर जेवू घाल, मोकळा होईन तो. मले त्याले मोकळं करायचंच नव्हतं.

म्हणून सांगते, जा, पण माझ्याकडं पाहून जाऊ नको. मॅडमनं माझं काही हिरावलं नाही, मीच भ्याली. तुले असं भेव वाटलं तर तिलेच सांग. मी नेमकं तेवढंच सांगितलं नाही.

पुढच्या गुरुवारी सोबत या, असं तू म्हटलं अन् मी 'पाहू' म्हणून फोन ठेवला. वेळ सांजची आहे. गेट कोण उघडीन? शेवटी काल ह्यायले म्हटलं, "गुरुवारी मी यवतमाळले जाते. सांजच्याले जरा गेट उघडसान."

मले वाटलं, काहून म्हणून विचारतीन. हे म्हणाले, "गाडी आली की उघडतो."

मी विचारलं, "तुमालेही ऐकू येते?"

"रोज येते. तू उठते, म्हणून मी उठत नाही."

वर्षभर आम्ही एकाच ओसरीत बसून ऐकलं, अन् एकमेकायले चकार शब्द बोललो नाही. काल दोघं मिळून रडलो. मग म्हातारा म्हणाला, "माझंही नाव लाव त्या मॅडमकडं."

तवा गुरुवारी आम्ही दोघंही येतो. त्या सांजले गाडी आली तर घरी कोणीच नसन. तू माझ्या बाजूले बसजो, हात सोडू नको.

अजून बरी न झालेली,
तुझी आई
इंदूबाई