झाकण्याचा आठवडा

इलेक्ट्रॉनिक सिटी, बेंगळुरू
३ जुलै २०२५

ती. स्व. आप्पाजींना उल्काचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि शेजारच्या मंजुनाथच्या मोबाइलवर बोलून पाठवलं तर अख्ख्या खानापूरला ऐकू जातं, म्हणून आपलं स्पीडपोस्टच बरं.

आधी निहारची खबर. मांडीच्या हाडात रॉड घातलाय, सहा आठवडे पाय टेकायचा नाही. बारा वर्षांचा पोरगा दिवसभर छताकडे बघत पडून असतो. ह्यांची स्कूटर सर्व्हिस रोडच्या दुभाजकावर कशी चढली हे त्याला आठवत नाही. तुमच्या चिरंजिवांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. त्यांच्या तोंडाला वास येतोय हे मला डॉक्टरांनी सांगितलं. वर्षभर माझ्या घरात बाटली नांदत होती आणि मला पत्ता नाही! आता ते व्यसनमुक्ती केंद्रात आहेत. तीन महिने मोबाइल नाही, फक्त रविवारी घरच्यांनी जाऊन भेटायचं. मी एकदाच गेले.

पण आज लिहायला बसले ते धाकट्या निधीसाठी. आप्पाजी, ती जेवत नाही. आज अकरावा दिवस. जेवणाआधी प्रत्येकानं एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे, खोटं चालणार नाही, कालचं आज चालणार नाही, हा तुमच्या घरचा नियम मी लग्नानंतर कौतुकानं उचलला. आता तोच गळ्याशी आलाय. ती पानावर बसते, हात जोडते आणि म्हणते की आज माझ्याकडे आभार नाहीत. मग उठून जाते. नियम गेला खड्ड्यात, तू जेव, असं मी सांगितलं तर माझ्याकडे अशी बघते की मलाच लाज वाटते. पाणी आणि ताक तेवढं पिते, कारण पिण्याला आभार लागत नाहीत असं तिचं म्हणणं. समोरच्या कावेरीअक्का रागीची आंबील घेऊन येतात, "स्वल्प, स्वल्प" म्हणून विनवतात. त्यांना नको म्हणवत नाही म्हणून दोन घोट घेते. चोवीस किलोची पोर एकवीसवर आलीय.

तुमच्या गुरुवारच्या देवळातल्या वर्गाचं तिला फार वेड. देवाचं एक काम निवडायचं आणि आठवडाभर त्याची नक्कल करायची, हा तुमचा खेळ ती सुट्टीत तुमच्याकडे राहून आल्यावर इथेही खेळत होती. तिचा देव म्हणजे निम्मे तुम्हीच. तेव्हा तुम्हीच दोन ओळी लिहा. माझे उपाय संपले. ऑफिसातून रजा घेतलीय, एका खोलीत एक मूल पडलेलं, दुसऱ्या खोलीत दुसरं वाळत चाललेलं, आणि मी मधल्या दारात उभी.

तुमच्या आशीर्वादाची आज खरोखर गरज असलेली,
उल्का


खानापूर
६ जुलै २०२५

चि. सौ. उल्का हिस आप्पाजींचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळाले. सकाळपासून चार वेळा लिहायला घेतले, चार वेळा कागद बाजूला ठेवला.

निधीवर रागावू नकोस. मूल उगाच हट्टाला पेटत नाही, पोटात काहीतरी धरून बसलेले असते. बत्तीस वर्षे शाळेत काढल्यावर एवढे तरी समजते. आभार मोठ्याच गोष्टीचे मानावेत असे नाही. खिडकीत चिमणी आली, पंखा फिरतो आहे, दादाने डोळे उघडले, एवढ्यावरही भागते. तिला तसे सुचवून पाहा. देव आपल्यावर प्रेम करतो ते आपण लायक आहोत म्हणून नाही, आणि मुलांना तेच शिकवायचे असते, की त्याने दिले तसे आपण द्यावे आणि मिळाले त्याची आठवण ठेवावी. हे मी हजार मुलांना सांगितले असेल. आज लिहिताना मात्र शाई पुढे सरकत नाही.

एक कर. ती सध्या कोणती नक्कल पाळते आहे ते हळूच विचार. निहारजवळ नको, एकटी असताना विचार. आणि जे सांगेल ते मला कळव.

आमच्या चि. पुरुषोत्तमाविषयी तू लिहिलेस ते वाचले. कावेरीबाईंना माझा नमस्कार सांग.

माया पातळ होऊ देऊ नये ही विनंती.
आप्पाजी


बेंगळुरू
१० जुलै २०२५

आप्पाजींना नमस्कार.

मायना वगैरे पुढचं मागचं काही लिहीत नाही, कारण आज ते मनातून येणार नाही.

तुम्ही सांगितलं तसं विचारलं. तिनं सांगितलं. मे महिन्यापासून ती 'झाकण्याचा आठवडा' पाळतेय. एकच आठवडा, संपवलाच नाही तिनं. माती बी झाकते, साल केळं झाकते, तसा देव माणसांच्या चुका झाकतो, कोणाची दवंडी पिटत नाही. हे तुमचं वाक्य तिला शब्दन् शब्द पाठ आहे.

मग तिनं काय काय झाकलं ते ऐका. बाबा पार्किंगमध्ये जाऊन स्टीलच्या पाण्याच्या बाटलीतून पितात हे तिनं पाहिलं, आणि ती बाटली रोज मी घरी यायच्या आत घासून ठेवली. वास येऊ नये म्हणून डब्यातले वेलदोडे नेऊन त्यांना दिले. ते दुपारी गाढ झोपलेले असले की मला सांगायची, बाबांचं डोकं दुखतंय. आणि मी काय करायची, तर शहाणी ग माझी बाय, म्हणून तिचा गालगुच्चा घ्यायची!

त्या शनिवारी निहारला बॅडमिंटनला सोडायला हे निघाले तेव्हा ते प्यायलेले आहेत हे तिला माहीत होतं. तिनं त्यांना वेलदोडा दिला आणि दादाला टाटा केला. आता ती म्हणते, मी देवासारखं केलं आणि दादाचा पाय मोडला, मग मी आभार कशाचे मानू? नऊ वर्षांची आहे हो ती. मी तिला छातीशी धरलं, तर तिचं अंग लाकडासारखं ताठ. परवा चक्कर येऊन पडली. एक दिवस दवाखान्यात सलाईन लावून ठेवलं. आठवडाभरात खायला लागली नाही तर नाकातून नळी घालून भरवावं लागेल असं डॉक्टर म्हणालेत.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी नुसती रडले असते. पण रविवारी केंद्रात गेले. तिथल्या बाईंनी ह्यांना विचारलं की घरात हे कोणाला ठाऊक होतं. खाली मान घालून ह्यांनी तुमचं नाव घेतलं. बेळगावच्या होस्टेलपासून ठाऊक, म्हणाले. मध्ये दहा-अकरा वर्षं सुटली होती, गेल्या दिवाळीला पुन्हा दिसली तीही तुम्हाला ठाऊक. आमच्या साखरपुड्याला नवरा मुलगा आतल्या खोलीत झोपून होता, पित्त झालंय असं तुम्ही माझ्या वडलांना सांगितलंत. मी स्वतः कोकम सरबत करून आत पाठवलं होतं, आप्पाजी. त्यात साखर जास्त पडली की काय याची मला दिवसभर काळजी.

मला एक शब्द सांगितला असतात तर मी डोळे उघडे ठेवले असते. तुमच्या वर्गात मुलांना देवाचं प्रेम शिकवता ना? मग हे काय होतं? मला उत्तर नको. उत्तर द्यायचं असेल तर तिला द्या, आणि लवकर द्या. मी तिला गमावणार आहे असं मला वाटतंय, आणि ते वाटणं अंगावरून उतरत नाही.

उल्का


खानापूर
१२ जुलै २०२५

सौ. उल्का हिस,
सोबतचे पत्र निधीसाठी आहे. आधी तू वाच. वाचून तिला दिले नाहीस तरी माझी तक्रार नाही. तुझ्याकडे क्षमा मागण्याचे तोंड मला नाही, म्हणून इथे मागत नाही.

चि. निधीस अज्जाचे गोड पापे आणि आशीर्वाद.

बाळ, तू आईला सगळे सांगितलेस, पण एक गोष्ट सांगितली नाहीस. ती तू माझ्यासाठी झाकलीस. ती आता मीच लिहितो.

मे महिन्यात आपण फणसाच्या आठळ्या सोलत बसलो होतो, तेव्हा तू मला विचारलेस की बाबांच्या बाटलीतल्या पाण्याला असा वास का येतो आणि आईला सांगू का. मला सगळे कळले होते. मी घाबरलो. माझ्या मुलाची गावात छीथू होईल, सून भांडेल, घर मोडेल, असे वाटले. म्हणून मी तुला झाकण्याचा आठवडा दिला. गुरुवारही नव्हता त्या दिवशी. वर्गातल्या दुसऱ्या कोणालाही मी ती नक्कल दिलेली नाही. तुझे तोंड बंद राहावे म्हणून मी देवाचे नाव वापरले. सत्तर वर्षांच्या आयुष्यात यापेक्षा वाईट काम मी केलेले नाही.

तू देवाची नक्कल करत नव्हतीस. तू माझी करत होतीस. तुझ्या बाबांचे मी वीस वर्षे असेच झाकत आलो, आणि दर वेळी त्याला प्रेम म्हटले. थंडीने कुडकुडणाऱ्या माणसावर देव पांघरूण घालतो, ते झाकणे खरे. उघड्या विहिरीवर पाचोळा पसरून ठेवला तर त्याला कोणी माया म्हणत नाही, कारण त्यात कोणाचे तरी पोर पडते. हा फरक मला ठाऊक होता. तुला सांगितला नाही.

दादाचा पाय तुझ्यामुळे मोडला नाही. दारू प्यायलेल्या माणसाने स्कूटर चालवली म्हणून मोडला, आणि ज्या म्हाताऱ्याला माहीत होते त्याने तोंड उघडले नाही म्हणून मोडला. तू लहान होतीस आणि मोठ्यांनी सांगितले ते केलेस.

आता दोन कामे कर. जे माहीत होते ते दादाला स्वतः सांग. तो रागावेल, रागावू दे. दुसरे, जेवणाआधीचा नियम माझा होता, देवाचा नव्हता. तो मी मोडला. आभार आतून येतील तेव्हा येतील, तोवर नुसते जेव. माझ्यावर चिडून जेवलीस तरी चालेल. या गुरुवारी मी वर्गातल्या मुलांसमोर आणि त्यांच्या आईवडलांसमोर हे सगळे उभे राहून सांगणार आहे. त्यानंतर तिथे कोणी मूल पाठवेल असे वाटत नाही.

तुझ्या प्रेमावर आता हक्क सांगता येत नाही, तरी वाट पाहणारा,
अज्जा


बेंगळुरू
१९ जुलै

प्रिय अज्जाला निधीचा सा. न.

हे पत्र मी एकटीनं लिहिलं आहे. आईनं फक्त जोडाक्षरं सांगितली.

तुमचं पत्र आईनं दोन दिवस कपाटात ठेवलं होतं. मग दिलं. मी ते तीन वेळा वाचलं. मला तुमचा खूप राग आला. मग मी पत्र फाडणार होते, पण फाडलं नाही.

बुधवारी मी दादाला सांगितलं. मला माहीत होतं, तरी मी टाटा केला, असं सांगितलं. दादानं भिंतीकडे तोंड केलं. त्याला कूस बदलता येत नाही, म्हणून फक्त मान वळवली. रात्रीपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. गुरुवारी सकाळीपण नाही. मी त्याच्या खोलीबाहेर जमिनीवर बसले होते. आई म्हणाली, उठ. मी उठले नाही.

दुपारी आईनं त्याला खाटेवर ताट दिलं. सारू-भात होता आणि पापड. मग त्यानं मला हाक मारली. मला म्हणाला की तुझ्यावर मला फार राग आहे आणि तो लवकर जाणार नाही. मी सरी, ठीक आहे, म्हटलं. मग तो म्हणाला की तू उपाशी राहिलीस म्हणून माझं हाड काही जुळणार नाही, डॉक्टरांनी तसं काही सांगितलेलं नाही. मग त्यानं ताटातला अर्धा भात माझ्या बाजूला सरकवला आणि पापडपण मोडून दिला. मोठा तुकडा मला दिला.

मी हात जोडले. काहीच आलं नाही. दादा म्हणाला, भात गार होतोय. म्हणून मी जेवले. अज्जा, आधी गिळताना दुखलं. मग नाही दुखलं. दादा दुसरीकडे बघत होता, पण मी खाते की नाही ते बघत होता, मला कळलं.

गुरुवारी तुम्ही सगळ्यांना सांगितलंत का? कोणी तुम्हाला ओरडलं का? लिहून कळवा. बाबांकडे मी अजून जाणार नाही. आई म्हणाली, जायलाच पाहिजे असं नाही.

ताट संपल्यावर मी आणखी भात मागितला. आई आणते म्हणून आत गेली आणि खूप वेळ आलीच नाही. भात तर ओट्यावर कुकरमध्येच होता. मग मी आत जाऊन माझी मीच वाढून घेतला आणि तिलापण वाढला.

राग असला तरी तुमचीच,
निधी