उलट्या गाठीच्या पेट्या

प्रिय अंकुर,

फोनवरचं बोलणं कंपनीचे लोक ऐकतात असं तूच म्हणाला होतास, म्हणून हे पत्र चंद्रकुमारच्या हाती देते आहे. तो गुरुवारी निघतो. आपल्या त्याच एजंटाने त्याला तुझ्याच कंपनीत लावलंय. वाचून झालं की फाडून टाक.

बाबा बरे आहेत. गुडघे कुरकुरतात, पण माग सोडत नाहीत. आंधळगावात कुणी कोशाचं रेशमी कापड घ्यायला आलं की आधी ऐकवतात, "माहा पोरगा विमानतळावर सायेब हाय." पेट्या बांधणारा साहेब! मी नुसती हसते.

सुदान कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा मला तू जाईपर्यंत माहीत नव्हतं. आता रोज बातम्या शोधते. दोन सेनापती भांडतात आणि गरीब लोक गावं सोडून पळतात, एवढं समजलं. पण इतकी वर्षं दोघांचा दारूगोळा संपत कसा नाही? तर बाहेरचे देश पुरवतात. एकाला एक, दुसऱ्याला दुसरा. भांडण त्यांच्या घरातलं आणि आगीत तेल ओतणारे सगळे परके. एक जण थकून खाली बसायला आला की त्याला कुणीतरी पुन्हा उभं करतं. आपल्या एजंटाचं तर दोन्हीकडे खातं. तुला धाडलं वाळवंटातल्या त्या विमानतळावर, जिथून बंडखोरांना माल जातो, आणि आनंदाबाईंच्या मोनूला पलीकडे, सरकारी फौजेच्या शहरात वेल्डिंगला. एकाच गल्लीतली दोन पोरं दोन बाजूंना. जाताना तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं.

महिन्यापूर्वी मला मोनूचा फोन आला होता. फौजेने समोरच्यांच्या पेट्या पकडून आणल्या आणि त्या उघडायला त्याला बसवलं. दोरीला हात लावला आणि तो थबकलाच म्हणे. बाबा डावखुरे, म्हणून तुटलेला धागा जोडताना त्यांची गाठ उलटी बसते. तू त्यांच्याकडून शिकलास, त्यामुळे उजवा असून तुझीही उलटीच. मोनू लहानपणी आपल्या मागाजवळ कांड्यांवर धागा भरत बसायचा, त्याने बरोबर ओळखली. "ताई, हे अंकुरची गाठ हाय. आत फवारणीचं मशीन नाही, बम टाकाचं हाय," म्हणाला. मग हसला. "त्याले नोको सांगू. झोपनार नाही थो."

मी त्याचं ऐकलं. चुकलंच माझं. पेट्यांत आपल्याकडे धानावर औषध मारतात तसलेच ड्रोन आहेत, असं तू शपथेवर सांगायचास. मला वाटलं, पोराच्या जिवाला घोर कशाला लावायचा. आणि तुझ्या पगारातून घरावर स्लॅब पडत होता, हेही खरं. मला माझीच लाज वाटते.

गेल्या मंगळवारी मोनूच्या कारखान्यावर तसल्याच ड्रोननी बॉम्ब टाकले. मोनू गेला, अंकुर. त्याच्याबरोबरच्या एका बिहारी मुलाने मला कळवलं. त्याला मोनूच्या फोनमध्ये पहिला नंबर माझाच सापडला. ते ड्रोन कुणी बांधलेल्या पेटीतून आले, हे कुणालाच कधी कळायचं नाही. तुलाही नाही. तू तेच तेच मनात घोळवत बसशील, हे मला माहीत आहे.

मी अजून गल्लीत कुणालाही सांगितलेलं नाही. आनंदाबाई आत्ता माझ्यासमोर बसल्या आहेत. त्यांना वाचता येत नाही. त्यांच्याच सांगण्यावरून मी हे पत्र लिहायला घेतलं, आणि मघापासून माझा हात चालतो आहे तो त्यांचाच निरोप लिहिण्यात, असं त्यांना वाटतं आहे. तो निरोप असा: "अंकुर, मोनूचा फोन लागून नाही राहिला. तू तिकडंच हायेस, माह्या पोराले शोध. अन् दोघं सोबतच घरी या." लिहिलं का, म्हणून दोनदा विचारलं त्यांनी. मी हो म्हटलं. ते काम सोड आणि ये, बाळा. त्यांना हे मी एकटी सांगू शकणार नाही.

तुझीच,
रेणूताई