माझ्या चाळिसाव्याचे पिस्ते

मी, गारुफालिया, कै. थोमास कुवारास यांची विधवा, वय चौऱ्याहत्तर, धंदा पिस्ते फोडणे व निवडणे, राहणार मेसाग्रोस, एगिना बेट, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके शाबूत आहे. पोट शाबूत नाही, पण पोटाने कोणी मृत्युपत्र लिहीत नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही, कोणी फूस लावलेली नाही. राग आहे. रागामुळे कागद रद्द होतो का, असे मी बंदरावरच्या नोटरीबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "तसं असतं तर आमचं दुकानच बंद झालं असतं."

मला मूलबाळ नाही. रक्ताची माणसे दोनच: धाकटा भाऊ अर्गीरिस, आणि त्याची मुलगी काल्लिरोई. आई गेली तेव्हा अर्गीरिस चालायलाही लागला नव्हता. मी त्याला काखेत घेऊन वाढवला. आता माझ्यामागे सगळे आपल्यालाच येणार असे तो धरून चालला आहे. हे मृत्युपत्र त्याच्यासमोर मोठ्याने वाचावे, मधली एकही ओळ गाळू नये.

१. राहते घर, आतील भांडीकुंडी, पलंग आणि कोंबड्यांसह, काल्लिरोईला द्यावे. स्वयंपाकघराची खिडकी अर्गीरिसच्या मळ्याकडे उघडते. ती तिने बुजवू नये. सप्टेंबरात तेथून पाहण्यासारखे बरेच असते.

२. बँकेत जे काही असेल त्यातून माझे दफन साधेपणाने करावे. उरेल ते काल्लिरोईचे. गावच्या पाद्रीबुवांना नेहमीच्या दक्षिणेवर काही देऊ नये. कारण पुढे येईल.

३. पिस्ते झोडण्याची लांब काठी आणि चाळण्या माझ्याबरोबर गोदामात काम केलेल्या देस्पोला द्याव्यात. तिच्या काठीला वाळवी लागली आहे आणि ती मागायला लाजते. अंगणातला दगडी हौद मात्र घराबरोबर राहील. साल काढलेले पिस्ते त्या हौदात टाकले की भरलेला तळाला बसतो आणि पोकळ वर तरंगतो. माझे सगळे आयुष्य वर आलेले पिस्ते झाऱ्याने काढून फेकण्यात गेले. माणसांच्या बाबतीत असा हौद नाही, म्हणून मला वेळ लागला.

४. अर्गीरिसच्या मळ्याच्या हद्दीवरल्या दगडी गडग्याच्या दक्षिणेकडचा जमिनीचा तुकडा. याबद्दल नीट लिहिणे भाग आहे.

बाबांनी वाटणी केली तेव्हा विहिरीकडचा मोठा मळा अर्गीरिसला दिला आणि दक्षिणेचा खडकाळ कोपरा मला. त्या कोपऱ्यात थोडी मादी झाडे होती आणि बाकी नर. पिस्त्यात नर झाड वेगळे, मादी वेगळी. नराला फळ धरत नाही. वाटणीच्या जेवणाला, सगळ्या पाहुण्यांसमोर, अर्गीरिस पेला उचलून म्हणाला, "ताई, एवढे नर तुझ्याच वाट्याला आले गं! आता तरी तुझ्या घरात पाळणा हलेल!" लोक हसले. थोमासने काटा खाली ठेवला आणि उठून बाहेर गेला. आमच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षे झाली होती. मी ताटे उचलत राहिले. हे मी विसरलेले नाही, आणि मेल्यावरही विसरण्याचा विचार नाही.

पुढच्याच हिवाळ्यात त्याने स्वतःच्या मळ्यातले नर तोडले. "फुकटखाऊ," म्हणाला, "पाणी पितात आणि देत काही नाहीत." त्या जागी माद्या लावल्या. एकच नर ठेवला, फाटकाजवळचा, गाढव सावलीला बांधायला. तो नर जातीचा उतावळा. माद्यांच्या कळ्या अजून मिटलेल्या असतात तेव्हाच तो फुलून, आपली पिवळी धूळ रस्त्यावर उधळून मोकळा होतो. माझ्या कोपऱ्यातले नर उशिरा फुलतात, बरोबर माद्या उघडतात त्या दिवसांत. एप्रिलमध्ये दक्षिणेचा वारा सुटतो आणि माझ्या नरांची धूळ गडगा ओलांडून त्याच्या मळ्यावर जाते. तो मळा खोलगट जागी, टेकड्यांच्या मध्ये, दुसऱ्या कोणाची झाडे जवळपास नाहीत. म्हणजे अर्गीरिसच्या घरात जो पैसा आला तो माझ्या फुकटखाऊंनी आणला. मी त्याबद्दल कधी बोलले नाही. वारा काही माझा नव्हता.

मग गारपिटीचे वर्ष आले. माझे नर फुलायच्या बेतात असतानाच गारांनी त्यांचे तुरे झोडपून खाली पाडले. अर्गीरिसच्या माद्यांच्या कळ्या अजून घट्ट होत्या, त्यांना ओरखडाही आला नाही. त्यामुळे तो खुशीत होता. आणि पिस्त्याची गंमत अशी की धूळ मिळाली नाही म्हणून झाड फळ धरायचे थांबत नाही. घोस लागतात, कवच पूर्ण वाढते, झाड वाकते. फक्त आत गर नसतो. आधी समजायला मार्ग नाही, कारण जूनपर्यंत भरणारा पिस्ताही आतून रिकामाच असतो. कवच आधी मोठे होते, गर मागून येतो. शिवाय ऑगस्टच्या मारियेच्या सणाआधी झाडाचा पिस्ता फोडला की पीक जाते, असे आमच्याकडे मानतात, आणि अर्गीरिस ते फार कडक पाळतो. त्या वर्षी त्याचे सगळे पीक माझ्याच हौदात टाकले. सगळे वर आले. पाणी दिसेना.

तो गडग्यावर उभा राहून ओरडला, "तूच नजर लावलीस! वांझोटी कुठली!"

मी म्हटले, "अरे, माझ्या नरांचा फुलोरा गारांनी गेला. म्हणून तुझे पोकळ राहिले."

"तुझ्या नरांचा माझ्या झाडांशी काय संबंध? माझा नर आहे ना फाटकाशी!"

त्याने पाद्रीबुवांना आणून मळ्यात मंत्रलेले पाणी शिंपडून घेतले. पाद्रीबुवांनी जाता जाता माझ्या दाराकडेही चार थेंब उडवले. चार बायांनी ते पाहिले. दुसऱ्या दिवशी अर्गीरिसने विहिरीला झाकण बसवून कुलूप घातले. विहीर दोघांची, असे बाबा तोंडी सांगून गेले होते, कागदावर नव्हते. बेटावरच्या बहुतेक विहिरी खाऱ्या झाल्यात, ही एक गोड. माझ्या माद्या पाण्यावाचून एकेक करून वाळल्या. नर चिवट, ते राहिले. थोमास गावातून गाढवावर पाण्याचे डबे आणत असे. एका भर दुपारी तो चढावर पडला. गाढव एकटेच अंगणात आले, डबे भरलेले. मी आधी डबे उतरवले आणि मग त्याला शोधायला गेले, कारण पाणी सांडून चालणार नव्हते. इतके आम्हाला पाण्याचे झाले होते. तो तेव्हाच गेलेला होता.

दफनाला अर्गीरिस आला. कुलूप तसेच राहिले.

काल्लिरोई तेव्हा शाळेत जायची. दुपारी सगळे झोपले की बापाच्या उशाखालची किल्ली काढून ती गडग्यावरून मला बादली द्यायची. "आत्या, लवकर ओत गं, बाबा कूस बदलतायत!" माझ्या शेवटच्या दोन माद्या त्या पोरीच्या पाण्यावर जगल्या. ती त्या घरात जेवत होती म्हणून मी इतकी वर्षे हात आवरला. गेल्या वर्षी तिने बापाला तोंडावर सांगितले, "आत्याला पाणी द्या, नाहीतर मी जाते." तो म्हणाला, "मग जा." आणि मळ्यातून तिचे नाव काढून टाकले. आता ती पिरेयसला बोटीची तिकिटे विकते. त्या दिवशी माझा हात मोकळा झाला.

५. म्हणून या फेब्रुवारीत, डॉक्टरांनी माझ्या पोटाचे सांगितल्यानंतर, मी शिडी लावली आणि माझ्या नरांची फुलणारी प्रत्येक फांदी छाटली. हे काम मी एकटीने केले, काल्लिरोईला माहीत नव्हते. अर्गीरिस गाढवावरून जाताना थांबला. "ताई, या वयात शिडी? सरपण हवं तर मला सांगायचं ना!" मी म्हटले, "तुला कशाला त्रास." एप्रिलमध्ये दक्षिणेचा वारा आला आणि रिकामाच गेला.

आज त्याची झाडे घोसांनी वाकली आहेत. त्याने व्यापाऱ्याला शब्द दिला आहे, नवे गोदाम बांधायला घेतले आहे. एका पिस्त्यातही गर भरणार नाही. तू म्हणालास मी नजर लावली. तेव्हा लावली नव्हती, अर्गीरिस. आता लावली. तुला कारणही सांगितले होते, तू मानले नाहीस. मला याचे जराही वाईट वाटत नाही. वाईट एवढ्याचेच वाटते की हौदातले पाणी दिसेनासे होईल तेव्हा मी बहुधा नसेन.

६. नर झाडे मी मारलेली नाहीत, एका वर्षापुरती गप्प केली आहेत. नव्या फांद्या फुटल्या आहेत, पुढच्या वसंतात फुलतील. तो तुकडा, त्यातले नर, त्या दोन माद्या आणि माझी कात्री काल्लिरोईची. दर वर्षी तुरे फुटायच्या आत तिने फुलणाऱ्या फांद्या कापून घरात पाण्यात ठेवाव्यात. मळ्यात माद्यांवर बांधायला अर्गीरिसला फांद्या लागतील. त्याने स्वतः दारात येऊन मागाव्यात. एका फांदीला एक बादली, कुलपाखालच्या विहिरीतली, त्याने स्वतःच्या हातांनी वाहून आणलेली आणि माझ्या माद्यांच्या बुंध्याशी ओतलेली. गडी चालणार नाही. गाढव तर मुळीच चालणार नाही. ज्या दिवशी तो कुलूप काढून समुद्रात फेकील, त्या दिवसापासून फांद्या कापू नयेत, वारा जाऊ द्यावा. तो फेकणार नाही. मी त्याला वाढवला आहे, मला माहीत आहे.

७. माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये उकडलेला गोड गहू वाटतात, त्यावर पिस्ते लागतात. ते अर्गीरिसच्या यंदाच्या पिकातले असावेत. आधी फोडून आणू नयेत. त्याने गावासमोर उभे राहून स्वतः एकेक फोडावा आणि गव्हावर घालावा. पाद्रीबुवांनी शेजारी उभे राहावे, हवे तर पाणीही शिंपडावे.

हे सर्व मी वाचून पाहिले, बरोबर आहे. स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्या कायद्यात साक्षीदार लागत नाहीत, असे नोटरीबाई म्हणाल्या. मला हवेत. साक्षीदाराने फक्त माझी सही पाहायची असते, मजकूर वाचायचा नसतो. शिवाय ज्याने साक्ष घातली त्याला, देस्पोची काठी आणि चाळण्या सोडून, या कागदातून काहीही मिळू नये, ही माझी अट आहे.

सही: गारुफालिया कुवारा

साक्षीदार:
देस्पो मानेसी, पिस्ते निवडणारी. (हिने चोरून सगळे वाचले आणि डोक्याच्या रुमालाचे टोक तोंडात धरून बसली आहे.)
लेफ्तेरिस झाखोस, न्हावी.
अर्गीरिस वेलेंझास, बागायतदार, सख्खा भाऊ.

सह्या झाल्यावर माझ्याच हाताने आणखी चार ओळी. अर्गीरिसने न वाचता सही केली, पेन खिशात घातले, ते मी परत मागितले. मग माझा हात धरून म्हणाला, "ताई, तू कसली काळजी करू नकोस. असं बोलू नये, पण चाळिसाव्याचे पिस्ते माझ्याकडून. यंदा फांद्या मोडतील इतके लागलेत." डोळ्यांत पाणी होते त्याच्या.

मी म्हटले, "ते लिहूनच ठेवलंय रे."

मेसाग्रोस, एगिना. २९ जून १९९४.